नाण्यांची शाब्दिक उदाहरणे: एका सराव पुस्तिकेविषयी

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. एकसामयिक समीकरणे, म्हणजे दोन अज्ञात संख्या शोधून देणारी समीकरणांची जोडी, तिला सोडवता येतात, परंतु शाब्दिक उदाहरण समोर आले की पेन थांबते. म्हणून केवळ शाब्दिक उदाहरणांची एक सराव पुस्तिका आणली आणि महिनाभर आम्ही दोघांनी मिळून ती सोडवली.

तिच्यातील नाण्यांचे प्रकरण सर्वांत सरस आहे. पाच व दहा रुपयांची मिळून ३५ नाणी आणि एकूण रक्कम २६५ रुपये, असे पहिलेच उदाहरण आहे. येथे बरीच मुले ‘पाच रुपये = क्ष’ लिहून मोकळी होतात आणि पुढे क्ष म्हणजे नाणी की रुपये, यातच घोटाळा करतात. पुस्तिका मात्र ‘पाच रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष मानू’ हे पूर्ण वाक्य लिहायला लावते आणि मग संख्या व रक्कम यांचे वेगळे रकाने भरून घेते; त्यातूनच क्ष + य = ३५ आणि ५क्ष + १०य = २६५ ही समीकरणे मिळतात.

त्यानंतरचा तोंडी पडताळा मला फारच आवडला. सगळी नाणी पाचाची असती तर १७५ रुपये झाले असते. प्रत्यक्षात ९० रुपये जास्त आहेत आणि पाचाच्या जागी दहाचे नाणे ठेवले की ५ रुपये वाढतात, म्हणून दहाची १८ आणि पाचाची १७. त्याच्या खाली क्रेमरच्या पद्धतीने, म्हणजे दोन निश्चयकांचा (चार संख्यांच्या चौकटीतील तिरप्या गुणाकारांच्या वजाबाक्यांचा) भागाकार करून, उत्तर काढले आहे. तेथे ‘य’साठी जे दोन निश्चयक येतात, त्यांच्या किमतीही ९० आणि ५ च आहेत. पुस्तिकेने न सांगितलेले हे साम्य मुलीने स्वतः बोट ठेवून दाखवले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

मुद्रितशोधनातील हलगर्जीपणा मात्र अक्षम्य आहे. एका उदाहरणात दोन व पाच रुपयांची २० नाणी आणि रक्कम ७५ रुपये दिली आहे. त्यावरून ३य = ३५ येते, म्हणजे नाणी अपूर्णांकात! उत्तरसूचीत ९ आणि ११ छापले आहे, ज्यांची रक्कम ७३ होते. आपलीच रीत चुकली असे समजून मुलगी अर्धा तास खोडत बसली होती. शिवाय ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालेले २५ पैशांचे नाणे चार उदाहरणांत आहे, तर वीस रुपयांचे एकाही नाही.

नाण्यांच्या प्रकरणासाठी पुस्तिका जरूर घ्यावी. उत्तरसूची मात्र पालकांनी आधी स्वतः पडताळून मगच मुलांच्या हाती द्यावी.