निवडणूक आयोगाची निकालाची साइट, विधानसभेला दिवसभर वापरली
२३ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी आठलाच टीव्ही लावून बसलो होतो पण तासाभरात बंद केला, कारण त्या चॅनलवर (नाव राहू दे) कोण नुसता आघाडीवर आहे आणि कोण खरंच निवडून आलाय तेच कळेना. मग मोबाइलवर आयोगाची साइट उघडली ती रात्रीपर्यंत तीच. इथे विजयी वेगळे, आघाडीवर वेगळे, पक्षावर क्लिक केलं की त्यांचे मतदारसंघ, त्यात प्रत्येक उमेदवाराची ईव्हीएमची मतं, पोस्टलची मतं, नोटा, सगळं सुटं सुटं. जाहिरात एक नाही.

महायुती सत्तेत परत येतेय हे दुपारीच दिसलं. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादा ४१, बहुमताला हवेत १४५. लोकसभेला त्याच वर्षी ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे गेल्या होत्या, त्यामुळे मी तर बघतच राहिलो.

पण खरी कामाची गोष्ट म्हणजे मतांच्या टक्केवारीचा तो गोल चार्ट, तो नक्की उघडा. काँग्रेस १२.४२ टक्के आणि शिंदेंची सेना १२.३८, म्हणजे मतं जवळपास सारखीच आणि जागा १६ आणि ५७! काँग्रेस जास्त ठिकाणी लढली होती हे धरलं तरी केवढा फरक आहे बघा. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्क्यांत १० जागा, अजितदादांना ९.०१ टक्क्यांत ४१. टीव्हीवर सगळे लाट लाट करत होते, पण मतं नेमकी कुठे पडली यावर किती अवलंबून असतं ते मला या चार्टमुळे पहिल्यांदा नीट कळलं.

मग एकेक मतदारसंघ उघडत बसलो. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी वाचले, मालेगाव मध्यचा निकाल तर १६२ मतांवर लागला, आणि तिकडे शिरपूरला लीड एक लाख ४५ हजारांच्या वर.

बूथनिहाय आकडे मात्र इथे नाहीत, त्यासाठी नंतर फॉर्म २० शोधावा लागतो. तेही इथेच मिळालं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, आत्ता साडेचार.

आणि हो, मोजणी पोस्टल मतांपासून सुरू होते, त्यामुळे पहिल्या तासाच्या आकड्यांवर जाऊ नका, किती राऊंड झालेत ते आधी बघा.