ग्रॅहम क्रॅकरऐवजी डायजेस्टिव्ह की हॉबनॉब?

ब्रिटनमध्ये अमेरिकन रेसिपीने चीजकेक करायचाय आणि ग्रॅहम क्रॅकर (चुरा करून चीजकेकच्या तळाच्या थराला, म्हणजे बेसला, वापरतात ती गव्हाची गोडसर अमेरिकन बिस्किटं) मिळत नाहीत, तर डायजेस्टिव्ह आणि हॉबनॉब (ओट्सचं बिस्किट) ही दोनच बिस्किटं खरी कामाची.

आधी लोण्याचं बघा, कारण बेस बिघडतो तो इथेच. रेसिपीत साधारण १५० ग्रॅम चुऱ्याला ८५ ग्रॅम लोणी असतं. डायजेस्टिव्हमध्ये ग्रॅहमपेक्षा स्निग्धांश बराच जास्त, त्यामुळे ६५ ग्रॅम पुरतं. पूर्ण घातलंत तर भाजताना टिनच्या सांध्यातून तूप गळतं आणि बेस तेलकट होतो. हॉबनॉबला ५०–५५ ग्रॅमच घाला. चुरा मुठीत दाबल्यावर गोळा टिकला की झालं.

गोडी: डायजेस्टिव्ह किंचित खारट, म्हणून दोन चमचे ब्राउन शुगर, चमचाभर मध आणि चिमूटभर दालचिनी हवीच. हॉबनॉबला साखर नको.

पोत: डायजेस्टिव्हचा चुरा बारीक, एकसारखा, काप स्वच्छ निघतात. ओट्समुळे हॉबनॉबचा बेस खरबरीत, कापताना कडा सुटतात. चवीला मात्र खमंग.

सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचं डायजेस्टिव्ह स्वस्तही पडतं.

मूळ चवीच्या जवळ जायचं असेल, किंवा स्मोर्स (दोन बिस्किटांमध्ये भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेट) करायचे असतील, तर डायजेस्टिव्ह. न भाजता फ्रिजमध्ये सेट होणाऱ्या चॉकलेट टार्टला हॉबनॉब.