साकातेकासचे सोने-चांदीचे 100 पेसो

मेक्सिकोच्या संघराज्याच्या 180 व्या वर्धापनानिमित्त 2003 पासून तिथल्या 31 राज्यांची आणि राजधानीच्या संघीय जिल्ह्याची मिळून 32 नाणी काढण्यात आली. त्यांच्या सर्वसाधारण आवृत्तीत चांदीच्या गाभ्याभोवती पिवळ्या अ‍ॅल्युमिनियम-ब्राँझचे कडे आहे. मौल्यवान आवृत्तीत रंग नेमके उलटे आहेत: मधे 17.154 ग्रॅम सोने, भोवती 12.015 ग्रॅम चांदी, आणि दोन्हींची शुद्धता हजारात 999. त्यांपैकी साकातेकास राज्याच्या नाण्याविषयी हे लिहीत आहे.

चांदीच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या या राज्याची मुद्रा सोन्यावर उमटावी आणि चांदी कडेला जावी, याची गंमत वाटते. मुद्रेतला बुफा डोंगर, त्याच्या माथ्यावरचा क्रूस, सूर्य-चंद्र आणि खाली संस्थापकांचे चार चेहरे, हे सारे 34.5 मिलिमीटरच्या नाण्याच्या केवळ गाभ्यात बसवले आहे. भिंगाखाली डोंगराचे कडे सुरेख दिसतात, चेहरे मात्र फार दाटीने बसले आहेत. दुसऱ्या बाजूचा, निवडुंगावर बसून साप धरलेला गरुड मला अधिक ठसठशीत वाटला. दोन धातूंचा सांधा एकाच दाबात बसवलेला असतो; नखाला तो जाणवू नये, आणि इथे तो जाणवत नाही.

गुंतवणूक म्हणून मात्र मी हे नाणे सुचवणार नाही. धातूच्या किमतीत चांदीचा वाटा शेकडा जेमतेम एक-दोन आहे, म्हणजे ग्राहक अर्ध्या औंसाहून थोडे जास्त सोने घेतो आणि वरचा अधिभार दुर्मीळतेसाठी मोजतो. आपल्याकडचा सराफ ते मोडीत घेताना दोन धातू वेगळे करण्याची घट लावणार, हे गृहीतच धरावे. खरे-खोटे पारखायला वाजवून पाहण्याचाही उपयोग नाही, कारण जोडलेल्या नाण्याचा नाद एकसंध नाण्यासारखा खणखणीत नसतो. पाण्यातले वजन घेतल्यास घनता दर घनसेंटिमीटरला 14.3 ग्रॅमच्या आसपास यायला हवी. एकूण वजन 29.169 ग्रॅम भरूनही ती बरीच कमी आली, तर सौदा तिथेच थांबवावा.

संग्राहकाने हे नाणे त्याच्या कॅप्सूलसकट, म्हणजे पारदर्शक डबीसकटच घ्यावे. शुद्ध सोन्यावर बोटाच्या साध्या घासण्यानेही ओरखडा उमटतो आणि चांदीचे कडे दमट हवेत काळवंडते. ते उजळण्यासाठी पॉलिश लावले, तर सोन्याची मूळ झळाळीही जाते.