मोठ्या सी-ट्राउटसाठी परदेशवारी : तिएरा देल फुएगो, स्वीडन की वेल्स?

नागपुरात फ्लाय फिशिंग (पिसे-धाग्यांचा कृत्रिम कीटक, म्हणजे ‘फ्लाय’, गळाला लावून केलेली मासेमारी) करणारी मंडळी मोजकीच आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची सुरुवात हिमाचलातील तीर्थन किंवा काश्मीरमधील एखाद्या नदीवर, हातभर लांबीच्या ब्राउन ट्राउटपासून झालेली असते. हाच मासा, म्हणजे साल्मो ट्रुटा, थंड प्रदेशांतील काही नद्यांत बालपणाची पहिली काही वर्षे काढून समुद्रात उतरतो, तेथे भरपूर खाऊन रुपेरी आणि कित्येक पटींनी वजनदार होतो व अंडी घालण्यासाठी पुन्हा गोड्या पाण्यात शिरतो. त्या रूपाला सी-ट्राउट म्हणतात. प्रशांत महासागरातील सॅमनप्रमाणे तो एकदा अंडी घालून मरत नाही, तर अनेक वर्षे समुद्र आणि नदी यांच्यात ये-जा करू शकतो, आणि आठ-दहा किलोंचे मासे दिसतात ते यामुळेच. मात्र असे मासे सगळीकडे सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. प्रत्येक ठिकाणच्या माहितीपत्रकावर मोठाच मासा छापलेला असतो, तेव्हा माझे मत आधीच नोंदवतो : चार-पाच किलोंच्या माशाची रास्त शक्यता विकत घ्यायची असेल तर पर्याय तिएरा देल फुएगो हा एकच आहे, बाकी ठिकाणी आपण मुख्यतः एका विशिष्ट पद्धतीच्या मासेमारीसाठी पैसे मोजतो.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या तिएरा देल फुएगो बेटावरील रिओ ग्रांदे ही नदी चिलीत उगम पावते आणि अर्जेंटिनातून वाहत अटलांटिकला मिळते. तेथे ट्राउट मूळचा नाही. 1935 मध्ये चिलीहून आणलेली ब्राउन ट्राउटची अंडी या खोऱ्यात सोडण्यात आली आणि त्यांच्या वंशजांना जवळच्या समुद्रातील मुबलक अन्नाचा मार्ग सापडला. आज तेथील सी-ट्राउटचे सरासरी वजन साधारण चार किलोंच्या आसपास असते आणि नऊ-दहा किलोंचे मासे हंगामात नियमितपणे लागतात. नदी फार रुंद नाही, तळ बहुतांशी बारीक गोट्यांचा आहे, काठ सखल आणि उघडे आहेत, त्यामुळे पाण्यात उभे राहणे नवख्यालाही झेपते. अडचण वाऱ्याची आहे. झाडांचा आडोसा नसलेल्या त्या माळरानावर पश्चिमेकडून दिवसच्या दिवस वारा सुटलेला असतो आणि तो अंगावर घेऊन जड फ्लाय पलीकडच्या काठाखाली पोचवावी लागते, म्हणून बहुतेक जण साडेबारा ते चौदा फुटी दोन हातांचा रॉड आणि टोकाशी बुडणारी लाइन (फ्लाय दूर नेणारी जड दोरी) वापरतात. तीर्थनवर चालणारा चार-पाच ‘वजनाचा’ (हा लाइनच्या जडपणाचा क्रमांक, किलो नव्हे) एकहाती रॉड तेथे जवळजवळ निरुपयोगी आहे.

हंगाम जानेवारी ते एप्रिल असा असतो. जानेवारीत पाणी बहुधा जास्त आणि मासे नुकते समुद्रातून आलेले, ताजे आणि कमालीचे जोरदार. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरते आणि नदीत साचलेल्या माशांची संख्या वाढते. एप्रिलमध्ये थंडी बोटांत शिरू लागते. दिवस मोठा असल्यामुळे सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन पाळ्यांत मासेमारी होते व दुपार झोपेत जाते. खरा खेळ संध्याकाळच्या पाळीच्या शेवटी, उजेड मावळताना, मोठ्या काळ्या फ्लायवर होतो. ज्यांना जेवणाची वेळ पाळण्याची सवय आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे. पकडलेला प्रत्येक सी-ट्राउट पाण्यात परत सोडावा लागतो, तेव्हा तो सावजी रश्श्यात पडण्याची आशा येथेच सोडलेली बरी. शाकाहारी सोबत्याची सोय मात्र आगाऊ कळवून लेखी पक्की करावी, कारण मेंढपाळांच्या त्या मुलखात ताट मांसाभोवतीच फिरते.

आता बोचणारा भाग. नदीकाठचा बराचसा भाग मोठ्या खासगी मेंढीपालन इस्टेटींच्या ताब्यात आहे आणि परदेशी पाहुणे सहसा त्या काठांवरील लॉजमध्ये पूर्ण आठवड्यासाठीच जातात. त्या एका आठवड्याचे दर अनेक हजार अमेरिकी डॉलर असतात आणि त्यात विमानभाडे व बक्षिसी धरलेली नसते. नागपूरहून आधी मुंबई किंवा दिल्ली, तेथून आखात, आफ्रिका किंवा युरोपमार्गे ब्वेनोस आयरेस आणि पुढे देशांतर्गत विमानाने रिओ ग्रांदे शहर असा प्रवास आहे. ब्वेनोस आयरेसमध्ये आंतरराष्ट्रीय विमाने मुख्यतः एसेइसा येथे उतरतात, तर देशांतर्गत विमान बरेचदा शहरातील आएरोपार्के येथून सुटते, म्हणून मधे एक रात्र मोकळी ठेवणे शहाणपणाचे ठरते. जाण्यायेण्यातच चार दिवस जात असल्याने दोन आठवड्यांहून कमी रजा असलेल्याने या पर्यायाचा विचार करू नये.

स्वीडनच्या दक्षिणेतील ब्लेकिंगे प्रांतातील मोरुम नदी हा याच्या अगदी उलट स्वभावाचा पर्याय आहे. बाल्टिक समुद्रात उतरणाऱ्या या छोट्या, वेगवान नदीचा मासेमारीचा भाग क्रमांक दिलेल्या डोहांत विभागलेला आहे आणि कोणीही दिवसाचा परवाना काढून तेथे उभे राहू शकतो. इस्टेट, लॉज आणि पूर्ण आठवड्याचे बंधन यांची गरज नाही. कोपनहेगन विमानतळावरून ओरेसुंड पूल ओलांडून जाणाऱ्या रेल्वेने थेट मोरुम स्टेशनावर उतरता येते, म्हणजे भाड्याची मोटारही लागत नाही. वसंत ऋतूतील हंगाम एप्रिलच्या सुरुवातीस उघडतो, ज्या वेळी नागपुरात पारा चाळिशी गाठू लागलेला असतो, आणि तेथे सकाळी रॉडच्या कड्यांवर बर्फ धरू शकतो. शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क 90 युरो आहे आणि त्याच व्हिसावर डेन्मार्कही जोडून पाहता येते.

मोरुममधील मोठ्या माशांची कीर्ती खोटी नाही, पण तिची दोन कलमे बारीक अक्षरांत लिहिलेली असतात. वसंतात लागणाऱ्या माशांपैकी बरेच मासे गेल्या शरद ऋतूत अंडी घालून हिवाळा नदीत काढलेले आणि समुद्राकडे परत निघालेले असतात. ते लांब असतात, पण अंगाने उतरलेले असतात आणि त्यांची झुंज ताज्या माशासारखी नसते. छायाचित्रात हा फरक सहज कळत नाही. दुसरे असे की लोकप्रिय डोहांवर गर्दी असते आणि दिवसच्या दिवस रिकाम्या हाताने जाणे हे तेथे नेहमीचेच आहे. रिओ ग्रांदेवर आठवड्यात एकही चांगला मासा न लागणे हे दुर्दैव मानले जाते. मोरुमवर चार दिवसांत एक चांगला मासा लागला तर लोक हेवा करतात. तरीही खर्च ध्यानात घेता, दोन हातांच्या रॉडने वाहत्या पाण्यात फ्लाय नीट कशी फिरवावी हे शिकण्यासाठी मला यापेक्षा चांगली जागा सुचत नाही. तळ मात्र मोठ्या निसरड्या दगडांचा आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठीशिवाय पाण्यात उतरू नये.

वेल्समध्ये सी-ट्राउटला सेविन म्हणतात आणि त्याच्यासाठी कार्मार्थेनशायरमधील टाउई नदी विशेष प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात पाणी उतरून काचेसारखे स्वच्छ झाले की हा मासा दिवसा अत्यंत बुजरा होतो, म्हणून जून ते ऑगस्ट या काळात त्याची मासेमारी रात्री, पूर्ण अंधार पडल्यावर करतात. त्या अक्षांशावर जूनमध्ये अंधार होईपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात, तेव्हा काम मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे चालते. दिवसा डोह पाहून ठेवणे, किती पावलांवर खोल पाणी लागते हे ध्यानात ठेवणे, मग अंधारात केवळ हाताच्या अंदाजाने लाइन टाकणे ही वेगळीच विद्या आहे आणि ती सगळ्यांना मानवत नाही. जमेच्या बाजू अशा की सात वजनाचा एकहाती रॉड पुरतो, स्थानिक क्लबांकडून पाहुण्यांना दिवसाची किंवा आठवड्याची तिकिटे मिळू शकतात, आणि विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने जूनचा पहिला पंधरवडा कुटुंबाच्याही सोयीचा असतो. तिकिटाव्यतिरिक्त इंग्लंड-वेल्सचा रॉड परवाना वेगळा काढावा लागतो. गेल्या काही दशकांत वेल्सच्या नद्यांतील सी-ट्राउट लक्षणीयरीत्या घटले आहेत, त्यामुळे केवळ मोठ्या माशाच्या आशेवर तेथे जाणे मी कोणालाही सुचवणार नाही.

डेन्मार्कमधील फ्यून बेटाचा विचार वेगळ्या कारणासाठी करावा. तेथे नदीत नव्हे, तर उथळ समुद्रकिनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मासेमारी होते, शासकीय परवाना ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि वाऱ्याची दिशा पाहून रोज किनारा बदलता येतो. किमान आकाराची मर्यादा 40 सेंटिमीटर आहे आणि हाती लागणारे बरेचसे मासे त्याच्या आसपासचेच असतात. मोठा मासा शक्य आहे, अपेक्षित नव्हे. ज्यांच्यासोबत मुले आहेत त्यांना ओडेन्से शहराचा मुक्काम सोयीचा पडेल.

आइसलँडच्या दक्षिणेतील किर्क्युबायर्क्लाउस्तुर परिसरातील नद्यांत मासे खरोखर मोठे असतात, परंतु एप्रिलमध्ये तेही बरेचसे परतीचे असतात, ताजे हवे असतील तर सप्टेंबर गाठावा लागतो, आणि बाहेरच्या देशात वापरलेले वेडर (पाण्यात उभे राहण्यासाठीची जलरोधक विजार) व जाळी निर्जंतुक करून न्यावी लागतात. फॉकलंड बेटांवरही चांगले सी-ट्राउट आहेत, पण विमानांची अडचण पाहता नागपूरकराने तो विषय बाजूला ठेवलेला बरा.

निवड करण्याआधी पैशापेक्षा खांद्यांची परीक्षा घ्यावी. दोन हातांचा रॉड उसना मिळवून, मृगाच्या सुमारास वारा सुटलेला असताना एखाद्या जलाशयाच्या काठी तो वाऱ्याविरुद्ध आणि वाऱ्यासोबत फेकून पाहावा. गवतावर हा सराव नीट होत नाही, कारण दोन हातांच्या रॉडच्या स्पे पद्धतीत (लाइन मागे हवेत न उडवता पाण्यावर टेकवून पुढे फेकण्याची रीत) लाइनला पाण्याची पकड लागते. आपल्याकडील बहुतेक जलाशयांचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो, त्यांची परवानगी आधी घ्यावी, आणि तोतलाडोहसारख्या संरक्षित क्षेत्रातील पाण्याचा विचारही करू नये. वीस मीटर अंतर दहापैकी सात वेळा सरळ पडत नसेल, तर अर्जेंटिनाचा खर्च एक वर्ष पुढे ढकलून त्या वर्षी मोरुमला जावे. ते पडत असेल आणि दोन आठवड्यांची रजा असेल, तर मोरुमच्या तीन वाऱ्यांऐवजी रिओ ग्रांदेची एकच वारी करावी.

परदेशी सहलीचे पॅकेज भारतातील कंपनीमार्फत घेतल्यास त्यावर टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर) आकारला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत रक्कम अडकते, म्हणून अंदाजपत्रकात ती धरावी. रिओ ग्रांदेच्या लॉजमध्ये फेब्रुवारी-मार्चमधील चांगले आठवडे आधीच्या पाहुण्यांना प्रथम देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, त्यामुळे नव्या माणसाने वर्षभर आधी विचारणा करून रद्द होणाऱ्या जागांच्या यादीत नाव नोंदवावे आणि आठवडा लेखी पक्का झाल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.