४० लिटरची बॅग, पाच नंबरची चेन: युरोपभर वापरून झाल्यावर

व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनवर, रविवारी, बुडापेस्टची गाडी सुटायला जेमतेम अर्धा तास असताना बॅगेची चेन गेली, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर मी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांतली नाही. गेली म्हणजे तुटली नाही. रनर पुढे सरकायचा आणि त्याच्यामागे दात उघडेच राहायचे. आतून चपात्यांचा डबा, टॉवेल, सगळं जगाला दर्शन.

बॅग कोणती ते फोटोवरून ओळखाल. ५५ × ४० × २० सेंटिमीटरची, पाठीवर घ्यायची, सुटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडणारी, आपल्याकडे ऑनलाइन सेलमध्ये दर दोन महिन्यांनी साडेपाच हजारांना मिळते तीच. कापड, खिसे, लॅपटॉपची जागा हे सगळं सगळ्यांनी लिहून ठेवलंय, मी परत लिहीत नाही. मी चेनबद्दल लिहिणार आहे.

चेनला नंबर असतो, तो रनरच्या मागे कोरलेला असतो. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. पाच नंबर पर्सला, जर्किनला ठीक. भरलेल्या प्रवासी बॅगेच्या मुख्य कप्प्याला आठ तरी हवा, दहा असला तर उत्तम. या बॅगेला पाच आहे. वरून तोंड आवळायच्या ट्रेकिंग सॅकमध्ये भार कापडावर आणि नाडीवर येतो. इथे तिन्ही बाजूंना चेनच, म्हणजे नऊ किलो सामान कोंबलं की सगळा ताण तिच्यावर. वर बार्सिलोनाच्या मेट्रोत पाकीटमार फार, म्हणून दोन्ही रनर एकत्र करून मी कुलूप लावायचे. ते कुलूप दिवसभर रनर ओढत राहणार. कंपनीनेच रनरला कुलुपाची भोकं दिलीत, म्हणजे हा वापर त्यांनी धरलेलाच आहे.

रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद. स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं, पण सैल झालेला रनर दाबायला पक्कड तिथे मिळत नाही. आईने निघताना बळेच दिलेल्या सेफ्टी पिना आणि कपडे वाळत घालायची दोरी, यांवर बॅग बुडापेस्टला पोहोचली. गाडी सव्वा तास उशिरा, हे वेगळंच. युरोपियन युनियनच्या नियमाने तासाभराच्या उशिराला तिकिटाचे २५ टक्के परत मागता येतात, दोन तासांच्या पुढे ५० टक्के. माझं तिकीट १४ युरोंचं, म्हणजे साडेतीन युरो. आणि चार युरोंपर्यंतची किरकोळ रक्कम न देण्याची मुभा त्याच नियमात रेल्वेला आहे! स्वस्त तिकीट काढणाऱ्याने उशीर तरी महागाचा करून घ्यावा.

आता सर्व्हिस. मेल केला, फोटो पाठवले. उत्तर: चेन वॉरंटीत येत नाही, ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’. मग पुण्यात आईने फोन लावला. तिला सांगितलं, “मॅडम, बॅग सेंटरला जमा करा, तपासून सांगू.” आई म्हणाली, “अहो, बॅग हंगेरीत आहे, मुलगी पण तिकडेच आहे.” तर म्हणे मग कुरिअरने पाठवा. तिकडून इकडे बॅग पाठवायला बॅगेच्या किमतीहून जास्त लागले असते. आईने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे कंपनीकडून दुसरं उत्तर आलं: पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. मला एक रनर हवा होता हो. रविवार पेठेत चिल्लरमध्ये मिळतो.

हीच बॅग जर्मनीत किंवा कुठल्याही युनियनमधल्या देशात दुकानातून घेतली असती तर दोष निघाल्यास दोन वर्षं विक्रेता कायद्याने बांधील असतो, आणि पहिल्या वर्षात दोष मुळातला नव्हता हे त्याने सिद्ध करायचं असतं. पण तसल्याच बॅगेला तिकडे दुप्पट पैसे. शिकायला येणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच मांडावा. मी परत पुण्यातूनच घेईन.

बुडापेस्टमध्ये सोमवारी चपला-किल्ल्या दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी खुणांवर बोलणं करून दोन्ही रनर बदलले. साडेतीन हजार फोरिंट, आपले आठशेच्या वर रुपये. जीव कळवळला. चेनचे दात मात्र धड होते, त्यामुळे नवे रनर बसल्यावर बॅग परत सरळ बंद व्हायला लागली.

इथपर्यंत मी एक तारा देऊन मोकळी होणार होते. पण त्यानंतर लिस्बनला गेले. तिथले चढ आणि गुळगुळीत दगडी फरशा चढताना चाकांच्या बॅगा ओढणाऱ्यांची जी अवस्था बघितली, त्यानंतर या बॅगेच्या कमरपट्ट्याला नावं ठेवणं जमेना. वजन खरंच कमरेवर बसतं, खांदे मोकळे राहतात. आणि होस्टेलच्या आठ जणांच्या खोलीत रात्री अकराला दिवा न लावता मोजे शोधायचे असतील तर पूर्ण उघडणारी बॅगच हवी. वरून तोंड असलेल्या सॅकवाल्या पोरांची रात्रभर प्लॅस्टिकची खसखस ऐकली की पटतं. म्हणजे मला जे आवडलंय ते त्या लांबलचक चेनमुळेच आहे, आणि कंपनीने काटकसर केलीय तीही नेमकी तिथेच.

विमानाचं एक सांगते. ‘केबिन साइज’ म्हणून विकतात, पण युरोपातल्या बऱ्याच स्वस्त विमानांत फुकट फक्त सीटखाली मावणारी, ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या आसपासची बॅग चालते. हिचे वेगळे पैसे पडतात, कधी तिकिटाएवढे. म्हणून मी बहुतेक बसनेच फिरले. बसवाला माप घेत नाही.

तीन तारे. साडेपाच हजारांच्या वर देऊ नका. घेतलीत तर आपल्याच बॅगवाल्याकडून पाच नंबरचे दोन जादा रनर आणि एक छोटी पक्कड आधीच घेऊन ठेवा. पक्कड चेक-इनच्या सामानात टाका. फक्त विमानानेच फिरणार असाल तर ही घेऊच नका, सीटखालची छोटी घ्या.