गुडघा गेलाय की खांदा? तिकिटांचं पॅकेज घेण्याआधी

अमेरिकेत स्थायिक झालेला, क्रिकेटवर वाढलेला एखादा मित्र हमखास विचारतो: आमच्या शहराच्या बेसबॉल टीमचा हुकमी खेळाडू वर्षभरासाठी जायबंदी झालाय, तरी तिकिटांचं पॅकेज, म्हणजे बऱ्याच सामन्यांची एकगठ्ठा तिकिटं, घेऊ का? मी उलट विचारतो, दुखावलंय काय? आणि करार किती वर्षांचा उरलाय?

गुडघ्याचं उदाहरण अटलांटा ब्रेव्ह्जचं. 10 जुलै 2021 ला मायामीत झेल घ्यायला उडी मारताना त्यांचा हुकमी बॅटर रोनाल्ड अकुन्या ज्युनियरच्या गुडघ्याचं लिगामेंट (सांध्याचा बंध) तुटलं. टीम तेव्हा धड वर ना खाली. पण इतर टीमकडून खेळाडू घेण्या-देण्याची मुदत 30 जुलैपर्यंत होती. तेवढ्यात त्यांनी पीडरसन, डुव्हॉल, सोलेर आणि रोसारिओ असे चार आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातले क्षेत्ररक्षक) आणले. एकही अकुन्याच्या तोडीचा नाही. तरी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला सोलेर! बॅटर सामन्यात चार-पाच वेळाच खेळायला येतो. ते भोक ठिगळं लावून बुजवता येतं.

पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, खांद्याचं गणित वेगळं. पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला 7 वर्षांसाठी 24.5 कोटी डॉलर कबूल केले. त्यानंतर तो खेळला एकूण 8 सामने, जिंकला एक. मान आणि खांद्याच्या मधल्या नसांवरचा दाब शस्त्रक्रियेनंतरही त्याला परत उभं राहू देईना. मेजर लीगमधले (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतले) असे करार हमीचे असतात. खेळा वा न खेळा, पगार चालू. 60 दिवसांच्या दुखापत यादीत टाकलं की टीमच्या 40 खेळाडूंच्या यादीतली जागा मोकळी होते, तिजोरी नाही. 2021 ला शर्झर आणि ट्रे टर्नर, 2022 ला सोतो, असे मोहरे वॉशिंग्टनने दुसऱ्या टीमना देऊन टाकले. सगळं खापर एका खांद्यावर फोडणं अन्यायाचं होईल, पण ते ओझं हलकं नव्हतं.

कोपर या दोन्हींच्या मध्ये. टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचं तुटलेलं लिगामेंट नव्याने बसवणं) झाली की पिचर साधारण 12 ते 18 महिने बाहेर, पण बरेच जण परततात. टेक्सास रेंजर्सने पिचर जेकब डीग्रॉमला 5 वर्षांसाठी 18.5 कोटी दिले. 2023 मध्ये तो 6 सामने खेळून शस्त्रक्रियेला गेला. त्यांनी जुलैअखेर शर्झर आणि मॉन्टगोमेरी हे पिचर उचलले आणि इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवलं. अर्थात, मालकाची पिशवी मोठी असावी लागते.

तेव्हा माझा कौल असा: बॅटरचा गुडघा, तोही जुलैअखेरच्या आत गेला असेल, तर पॅकेज घ्या. कोपर असेल तर मालक खर्च करतोय का ते बघा. खांदा असेल आणि करार लांबलचक उरला असेल, तर एकेका सामन्याची सुटी तिकिटं काढा. गुडघ्याचीही खात्री नाही म्हणा. 2024 मध्ये अटलांटाचा पिचर स्ट्रायडर एप्रिलमध्ये कोपरामुळे गेला, मेमध्ये अकुन्याचा दुसरा गुडघा गेला. टीमने 89 सामने जिंकले आणि प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद सामन्यांच्या) पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला.