मार्टी रिपोर्ट खरा, गाडी दुसरीच : १९६९ची मस्टँग घेताना मला कसं गंडवलं

अमेरिकेत राहून जुनी मसल कार (मोठ्या इंजिनची दणकट अमेरिकन गाडी) घ्यायची हौस असलेली आपली मंडळी हल्ली बरीच दिसतात, त्यांच्यासाठी लिहितोय. लांबलंय, पण पैसे ट्रान्सफर करायच्या आधी वाचाच. डीलरचं नाव टाकत नाही, वकिलाने बजावलंय. पेनसिल्वेनियातला आहे एवढंच.

गाडी १९६९ची फोर्ड मस्टँग मॅक १, कँडीअॅपल रेड, ४२८ क्युबिक इंचाचं सुपर कोब्रा जेट इंजिन, फोर स्पीड मॅन्युअल गिअरबॉक्स. त्या वर्षी फोर्डने ७२ हजारांच्या वर मॅक १ विकल्या, पण निम्म्याहून जास्त गाड्यांत ३५१ क्युबिक इंचाचं नेहमीचं इंजिन होतं. ४२८ कोब्रा जेट थोड्यांच्याच नशिबात, आणि आज भावात जो फरक पडतो तो सगळा त्याच्यावर. दिसायला दोन्ही सारख्या, पण एकीच्या किमतीत दुसऱ्या दोन येतील. म्हणजे खोटं करायला माणसाला कारण काय, हे वेगळं सांगायला नको.

आता ती नंबरची भानगड समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. १९८१च्या आधी १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) नव्हता, फोर्डचा ११चा असायचा. त्यामुळे आपण साध्या सेकंडहँड गाडीचा कारफॅक्स (नंबरवरून निघणारा गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट) काढतो तसं इथे काही निघत नाही. पहिला ९ म्हणजे १९६९, मग कारखान्याचं अक्षर, मग ०२ म्हणजे फास्टबॅक, मागे उतरत्या छपराची बॉडी, मग इंजिनचं अक्षर. आर असेल तर रॅम एअरवालं (बॉनेटमधून बाहेरची हवा घेणारं) ४२८ कोब्रा जेट, एच असेल तर ३५१, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या पट्टीवर ९टी०२आरने सुरू होणारा नंबर. दाराच्या प्लेटवरही तेच.

यातल्या टीनेच घात केला. टी म्हणजे मेटचन प्लांट, आणि नावाने मेटचन असला तरी हा कारखाना होता आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, रूट वनवर. २००४ला बंद पडला, पाडला, आता तिथे दुकानं आहेत. आपली अर्धी मराठी जनता किराण्याला त्याच रस्त्याने जाते. डीलरने माझा पत्ता बघितला आणि लगेच म्हणाला, अहो ही तर तुमच्या गावची लेक, माहेरी न्या तिला. (इंग्रजीत बोलला, पण भाव हाच.) माणूस विकण्यात पक्का मुरलेला.

आणि नुसतं गोड बोलणं नव्हतं, फाइल दिली हातात. त्यात मार्टी रिपोर्ट. केविन मार्टी नावाच्या गृहस्थांकडे फोर्डच्या लायसनने १९६७पासूनच्या गाड्यांचा प्रॉडक्शन डेटा आहे, नंबर दिला की ती गाडी कुठल्या रंगाची, कुठला गिअरबॉक्स, कुठला अॅक्सल, कधी बनली, कुठल्या डीलरकडे गेली हे सगळं छापून येतं. मी तोच रिपोर्ट स्वतः पैसे भरून परत मागवला. शब्दन् शब्द जुळला. लाल रंग, फोर स्पीड, ३.९१ रेशोचा अॅक्सल म्हणजे ड्रॅग पॅक (ड्रॅग रेसिंगसाठीचं पॅकेज), म्हणजे सुपर कोब्रा जेट. आता यापुढे माणसाने संशय घ्यायचा कुठे?

पण तो रिपोर्ट नंबरचा असतो हो, पत्र्याचा नसतो. सातबारा अस्सल दाखवायचा आणि शेत शेजारच्याचं फिरवून आणायचं, तसला प्रकार.

हे कळलं कसं, तर मला पहिल्या मालकाचा शोध घ्यायचा होता. डीलर म्हणालेला दोनच मालक, पहिला व्हिएतनामहून परतलेला सैनिक. (नंतर कळलं की असल्या प्रत्येक गाडीचा पहिला मालक व्हिएतनामहूनच परतलेला असतो.) म्हटलं कुटुंब सापडलं तर जुना फोटो मिळेल, गॅरेजमध्ये फ्रेम करून लावू. टायटलचा, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदाचा, जुना रेकॉर्ड मागवला. १९९४च्या प्रायव्हसी कायद्यामुळे आधीच्या मालकांची नावं अशी सहज देत नाहीत, काळं फासूनच कागद आले. पण राज्यांची नावं दिसत होती आणि डीलरच्या लगेच आधी होतं व्हर्माँट.

इथे पाणी मुरतंय हे मला जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या एका रिटायर्ड काकांनी सांगितलं. व्हर्माँटमध्ये १५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला टायटल लागतच नाही, रजिस्ट्रेशन हाच मालकीचा कागद. आणि २०२३ला नियम आवळेपर्यंत दुसऱ्या राज्यातला माणूससुद्धा टपालाने हे रजिस्ट्रेशन काढायचा आणि मग आपल्या राज्यात जाऊन त्यावर टायटल करून घ्यायचा. वडिलांच्या गोठ्यात सापडलेली गाडी, कागद हरवलेत, अशा खऱ्या लोकांची सोय व्हायची, तशी बाकीच्यांचीही. व्हर्माँटचा कागद म्हणजे चोरीची गाडी असं नाही, पण त्याच्या आधी काय होतं हे विचारायचंच.

त्याच काकांना आर कोडवाल्या गाड्यांच्या जाहिराती जमवायचा नाद आहे. त्यांनी माझ्या गाडीचा नंबर शोधला आणि एक फोटो पाठवला. काही वर्षांपूर्वीची जाहिरात, गाडी म्हणजे नुसता सांगाडा, इंजिन नाही, फ्लोअर गंजून गेलेला, इंजिनच्या जागेतून मनगटाएवढ्या खोडाचं झाड वर आलेलं. दाराची प्लेट मात्र स्वच्छ पुसून क्लोजअप काढलेला, नंबर माझाच. खाली लिहिलेलं, टायटल नाही, फक्त बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची पावती.

डीलरला फोन केला तर जराही न गडबडता म्हणाला, हो तीच, आम्ही रिस्टोअर केली, किती सुंदर झालीय बघा ना. आणि हे उत्तर तसं खोडून काढता येत नाही, कारण पत्रे बदलणं हा काही गुन्हा नाही, जुन्या मस्टँगचा जवळपास प्रत्येक पत्रा नवा मिळतो.

सांगलीला बाबांना सगळं सांगत होतो. त्यांनी आयुष्यात तीन-चार जुन्या जीपा घेतल्या-विकल्या. त्यांनी एकच विचारलं, "चेसिस नंबरचा ठसा घेतलास का रे? कागद ठेवून पेन्सिल घासायची. पट्टी काय, कुणीही ठोकेल."

मस्टँगला वेगळी चेसिस नसते, पण फोर्ड पुढच्या फेंडरच्या (मडगार्डच्या) आतल्या पत्र्यावर, एप्रन म्हणतात त्यावर, नंबर ठोकायची. डाव्या बाजूचा एप्रन नवाकोरा निघाला, कोरा म्हणजे त्यावर नंबरच नाही. उजवीकडचा फेंडर मेकॅनिकने बोल्ट काढून वर उचलला, रंगाचा जाड थर होता, तो हळूहळू खरवडला. मी कागद ठेवून पेन्सिल घासली. ९एफ०२एच.

एफ म्हणजे डिअरबॉर्न, मिशिगन. एच म्हणजे ३५१. एडिसनशी काडीचा संबंध नाही.

मग एकेक निघतच गेलं. फोर स्पीडच्या कोब्रा जेटला मागचे शॉक अॅब्सॉर्बर आडव्या रांगेत नसतात, एक अॅक्सलच्या पुढे आणि एक मागे असतो. माझ्या गाडीत तसे होते, पण ब्रॅकेटचं वेल्डिंग नवं. इंजिन ४२८चंच आहे, पण ब्लॉकवर नंबर ठोकतात ती जागा घासून गुळगुळीत केलेली. डॅशच्या खाली, हीटरच्या डब्यामागे जिथे स्प्रे पोचत नाही तिथे हिरवट सोनेरी रंग. त्या एफवाल्या नंबरचा मार्टी रिपोर्ट मागवला तर काय, लाइम गोल्ड, ऑटोमॅटिक, ३५१. सांगाड्याची पट्टी आणि दाराची प्लेट काढून या गाडीला मारली, बाकी सगळं दुकानातून आणलं.

नंबरची पट्टी अशी काढून दुसरीकडे लावणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. डीलरने हात वर केले, म्हणतो मी घेतली तेव्हा अशीच होती, आणि तुम्ही "अॅज इज"वर, म्हणजे आहे तशी घेतोय यावर, सही केलीय. वकिलाचं म्हणणं की जाणूनबुजून फसवलं असेल तर "अॅज इज"च्या आड लपता येत नाही, आणि न्यू जर्सीच्या कन्झ्युमर फ्रॉड कायद्यात तिप्पट नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण जाणूनबुजून हे सिद्ध करायचं कुणी, आणि तोवर वकिलाचं मीटर चालू.

तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याकडे एप्रनवरच्या दोन्ही नंबरांचे आणि इंजिन ब्लॉकवरच्या नंबराचे फोटो आधी मागा, फेंडर उचलावा लागला तर उचलायला लावा. एवढी किंमत मागणाऱ्याला चार बोल्ट जड नाहीत, आणि जड वाटले तर तिथूनच परत फिरा. तपासणीला त्याने सुचवलेला माणूस घेऊ नका. जुन्या जाहिराती हुडका, नंबर टाकून. मार्टी रिपोर्ट घ्याच, पण तो हातात धरून गाडीखाली झोपा.

सध्या गाडी गॅरेजमध्ये आहे, चालवायची नाही, विकायची नाही. पोलिसांचा माणूस येऊन दोन्ही नंबरांचे फोटो घेऊन गेला. एफवाली गाडी कधी चोरीला गेल्याची नोंद आहे का, हे ते तपासतायत, आणि तशी निघाली तर गाडी तिच्या मूळ मालकाकडे जाणार, पैसे माझे गेले ते गेलेच. कुणी पेनसिल्वेनियातून एवढ्यात आर कोड मॅक १ घेतली असेल आणि कागदांत व्हर्माँट दिसत असेल तर मला मेसेज करा, डीलरचं नाव तिथे सांगतो. वकिलाला अजून एक-दोन गिऱ्हाइकं हवीयत, एकट्याच्या केसला तो डीलर भीक घालत नाहीये.